जुन्या शेव्हरलेच्या बॉनेटखालचा दिवा

नवा बल्ब घालूनही दिवा लागत नाही म्हणून लगेच वायरिंग उसवू नका. १९६०-७०च्या दशकांतल्या अमेरिकन गाड्यांत या दिव्याला बहुधा पाऱ्याचा स्विच असतो. बॉनेट उचललं की पारा घरंगळतो आणि सर्किट जोडलं जातं. आधी टेस्ट लॅम्पने वायरीत १२ व्होल्ट येतात का बघा, किल्ली बंद असतानाही यायला हवेत. येत असतील तर माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे दिव्यातून गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीवर. बॉनेट पुन्हा रंगवलेलं असेल तर दिव्याच्या ब्रॅकेटखाली रंग बसतो आणि अर्थिंग मिळत नाही. स्क्रूखालची जागा उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा.

उलटा दोष जास्त वाईट: बॉनेट लावल्यावरही दिवा जळत राहतो, बॅटरी उतरते. इंजिन थंड असताना मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा, बॉनेट लावा, मग पाहा. स्विच कृपया फोडू नका, पारा विषारी असतो, अख्खा बदला.