इंदूरमध्ये पहिल्यांदाच शेल्टी पाळायची आहे. पिल्लू येण्याआधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की सुदामानगरात दुसऱ्या मजल्यावर घर आहे, सासू-सासरे दिवसभर घरी असतात, मुलगी सात वर्षांची आहे, कुत्रं पाळायचा अनुभव कुणालाच नाही आणि शेल्टीचं, म्हणजे शेटलंड शीपडॉगचं, पिल्लू जुलैत मिळणार आहे. तयारीला वेळ पुरेसा आहे. भांडी, गादी, खेळणी एका संध्याकाळी आणून होतात, ती शेवटी आणा. सगळ्यात आधी डॉक्टर ठरवा.

कारण नीट समजून घ्या. कोली, शेल्टी अशा मेंढपाळी जातींतल्या काही कुत्र्यांच्या एमडीआर१ या जनुकात दोष असतो. ठरावीक औषधं मेंदूत साचू न देण्याची शरीराची सोय अशा कुत्र्यांत काम करत नाही. आणि आपल्याकडे अंगावर गोचीड दिसली, खरूज दिसली की आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास टोचलं जातं. इतर कुत्र्यांना जो डोस पचतो, तोच दोष असलेल्या शेल्टीच्या जिवावर उठतो. आधी लाळ गळते, झोकांड्या जातात, बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, मग थरथर आणि बेशुद्धी. खास उतारा नाही, सलाइनवर तगवून औषध उतरण्याची वाट बघावी लागते.

प्रत्येक शेल्टीत हा दोष नसतो, पण वरून बघून कळत नाही. गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर जनुकाची तपासणी होते. ती होईपर्यंत दोष आहे असंच धरून चाला. लसीकरणाच्या कार्डाच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहा: ‘आयव्हरमेक्टिन, डोरामेक्टिन देऊ नये. असेप्रोमाझिन, ब्युटॉर्फॅनॉल द्यायचं झाल्यास डोस कमी.’ शेवटची दोन गुंगी आणण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी दिली जातात. घरच्या डब्यातली जुलाबाची लोपरामाइडची गोळीसुद्धा न द्यायच्या यादीत येते, हे सासू-सासऱ्यांना आवर्जून सांगा. रस्त्यावरचं शेण खाऊ देऊ नका. गाईला किंवा घोड्याला नुकतंच जंताचं औषध (ते अनेकदा आयव्हरमेक्टिनच असतं) दिलेलं असेल तर ते शेणातून उतरतं.

डॉक्टरांना भेटायला पिल्लाशिवायच जा आणि सरळ विचारा, ‘शेल्टीला खरूज झाली तर तुम्ही काय द्याल?’ उत्तरात या दोषाचा उल्लेख आपणहून आला, किंवा तुम्ही सांगितल्यावर त्यांनी बघून घेतो म्हटलं, तर ठीक. हसण्यावारी नेलं तर दुसरे डॉक्टर शोधा. मोठ्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांसाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. तिथली वेळ आणि जायचा रस्ता आधीच माहीत करून ठेवा.

गोचिडीवर उपाय मात्र हवाच. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या फार वाढतात, शेल्टीच्या दाट केसांत लवकर दिसत नाहीत आणि त्यांच्यामुळे एर्लिकिया, बबेसिया असे रक्ताचे आजार होतात. फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनरची चघळायची गोळी नेमून दिलेल्या डोसात शेल्टीला चालते, पण पिल्लू आठ आठवड्यांचं आणि दोन किलोचं झाल्यावरच. शेल्टीचं पिल्लू आठव्या आठवड्यात दोन किलोच्या आतही असू शकतं, म्हणून वजन करून द्या. आकडीचा त्रास असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पिल्लू घेताना आई डोळ्यांनी बघा. पूर्ण वाढलेली शेल्टी खांद्यापाशी साधारण १३ ते १६ इंच असते. ‘लहान कोली’ म्हणून कोलीचं किंवा पॉमेरेनियनच्या संकराचं पिल्लू गळ्यात मारणारे आहेत. कुत्रे विकण्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती नोंदणी, केनेल क्लबचे कागद आणि मायक्रोचिपचा नंबर मागा. आईवडील दोघंही ब्लू मर्ल, म्हणजे करड्यावर काळे डाग असलेले असतील तर ते पिल्लू घेऊ नका. अशा जोडीची काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघतात. डोळ्यांच्या मागच्या पडद्यात जन्मजात दोष नाही ना, याची तपासणी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात झाली पाहिजे. नंतर रंग भरत गेला की सौम्य दोष झाकला जातो.

आता केस. शेल्टीला वर लांब, राठ केस आणि आत मऊ, दाट लव असते. उन्हाळ्यात बिचारीला गरम होईल म्हणून केस भादरायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. भादरू नका. वरचे केस कातडीला उन्हापासून वाचवतात, आणि एकदा भादरल्यावर लव आधी भराभर वाढून पोत बिघडू शकतो. गरज असते ती सुटलेली लव काढून टाकण्याची.

त्यासाठी लांब दातांचा पिन ब्रश, धातूची फणी आणि पाण्याची फवारणीची बाटली एवढं पुरतं. कुत्र्याला कुशीवर निजवा. केसांवर अगदी हलका फवारा मारा, कोरडे केस तुटतात. डाव्या हातानं केसांचा थर वर उचलून धरा, म्हणजे कातडीची पांढरट रेघ दिसेल. त्या रेघेपासून खाली एकेक पातळ थर विंचरा. पोटाकडून सुरू करून पाठीकडे सरका. नुसता वरून ब्रश फिरवला तर वर चकचकीत दिसतं आणि आत जटा होतात. शेवटी फणी फिरवा, ती अडली तर गुंता आहे. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि पट्टा घासतो तिथे रोज बोटानं चाचपून बघा. जट झाली तर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी सोडवा. कात्री लावू नका, जटेबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापते. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं केलं की भागतं, केस गळण्याच्या दिवसांत मात्र रोज. अंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा, आणि विंचरून झाल्यावरच, कारण पाण्यानं जट आवळते. पिल्लाचे केस विंचरण्याजोगे नसले तरी पहिल्या आठवड्यापासून रोज दोन मिनिटं निजवून ब्रश लावा, सवयीसाठी.

जुलैत पिल्लू येणार म्हणजे पावसात ओलं होणार. टॉवेलनं वरचं पाणी टिपून भागत नाही. ड्रायर थंड हवेवर ठेवून कातडीपर्यंत वाळवा, नाहीतर ओल राहून कातडी चिघळते.

उन्हाळ्यात इंदूरची हवा कोरडी असल्यानं कूलर चांगलं काम करतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, पंखा किंवा एसी लावा. एप्रिल-मे महिन्यांत फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. तळहात डांबरावर सात सेकंद टेकवता आला नाही तर खाली उतरवू नका. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जातोय असं दिसलं तर साध्या पाण्यानं अंग भिजवा, पंख्यासमोर ठेवा आणि तसेच दवाखान्यात न्या.

भुंकणं हा शेल्टीचा स्वभाव आहे. शेजाऱ्यांशी पिल्लू यायच्या आधी बोलून ठेवा. बेल, कुकरची शिट्टी आणि रोज सकाळी येणारी कचरागाडी, तिन्हींवर भुंकणार. ओरडलात तर तिला वाटतं, तुम्हीही तिच्याबरोबर भुंकताय. कचरागाडीचं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि जेवताना अगदी हळू आवाजात लावा. खाणं थांबलं नाही तर दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवा. थांबलं तर एक पायरी मागे या. फटाके आणि ढोलताशांचंही असंच. दिवाळीत पिल्लू सहा महिन्यांच्या आसपास असेल, म्हणून तयारी ऑगस्टमध्येच सुरू करा.

मुलगी पळाली की शेल्टी मागे धावून टाचेला तोंड घालणार, मेंढ्यांसारखंच. तिला शिकवा: पिल्लू मागे लागलं की जागीच थांबायचं, हात छातीशी. बाहेर पट्टा कधीच सोडू नका, स्कूटरमागे धावते. शेल्टीचं डोकं निमुळतं आणि मान केसाळ, त्यामुळे साधा गळपट्टा सटकन निघतो. छातीवरून येणारा हार्नेस घ्या. बाल्कनीच्या गजांना जाळी लावा.

लसी सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर मोकाट कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाचे पाय टेकवू नका, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत जे दिसतं, ऐकू येतं, त्याची भीती पुढे कमी राहते.

खाण्याचं सासू-सासऱ्यांशी स्पष्ट बोला. नऊ किलोच्या मोठ्या शेल्टीला दिवसाला साधारण ५०० कॅलरी लागतात, आणि तुपाची एक पोळी त्यातला पाचवा हिस्सा खाते. या जातीत रक्तातली चरबी आणि पित्ताशयाचे आजार जास्त दिसतात, म्हणून तूप, साय, तळलेलं बंद. पोह्यातला कांदा, शेवेतला लसूण, शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. प्रेमानं काही द्यायचंच असेल तर उकडलेला भोपळा किंवा काकडीचा तुकडा द्यावा.

घरात कायम कुणीतरी असल्यामुळे एक गोष्ट हमखास राहून जाते: पिल्लू एकटं राहायला शिकतच नाही आणि पुढे सगळे लग्नाला गेले की घर डोक्यावर घेतं. पहिल्या आठवड्यापासून रोज, पोट भरलेलं आणि दमलेलं असताना, त्याला ३० इंची पिंजऱ्यात चघळायला काहीतरी देऊन दुसऱ्या खोलीत जा. सुरुवात दोन मिनिटांनी करा, महिन्याभरात अर्ध्या तासावर न्या. रडायला लागायच्या आत परत येता येईल एवढाच वेळ ठेवा, आणि परत आल्यावर कौतुक न करता शांतपणे दार उघडा.