टीव्ही लोगोवर अडकला आणि दुकान सीमेपलीकडे

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही निपाणीचे. गेल्या दसऱ्याला कोल्हापुरातून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, ३१,५०० रुपयांना. वॉरंटी एक वर्षाची. ऑगस्टमध्ये रात्री आपोआप अपडेट आलं आणि सकाळपासून टीव्ही लोगोच्या पुढे जाईना. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने घरी येऊन सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. नऊ दिवस चालला, परत तेच. आता म्हणतात, सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, मेन बोर्ड बदला, ११,८०० रुपये. या घोळात वॉरंटीही संपली. दुकानदार म्हणतो, तुम्ही कर्नाटकातले, तिकडे बघा. मुलगा नेटवरून फर्मवेअर, म्हणजे टीव्ही चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, उतरवून पेन ड्राइव्हने टाकतो म्हणतोय. टाकू द्यावं का? आणि दाद कुठे मागायची?

उत्तर : ताई, आधी तो पेन ड्राइव्ह बाजूला ठेवायला सांगा. मुलाचा हेतू चांगला आहे, पण एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींतसुद्धा आतलं पॅनेल, म्हणजे पडदा, वेगळं असू शकतं आणि फर्मवेअरची फाइल त्या पॅनेलला जुळावी लागते. चुकीची फाइल गेली तर चित्र उलटं दिसतं, नाहीतर बोर्ड कायमचा जातो. फाइल चढत असताना लाईट गेली तरी तेच. त्याहून वाईट म्हणजे, आज दोष कंपनीच्या अपडेटचा आहे. उद्या तुमच्या घरची फाइल आत गेली की ‘ग्राहकाने छेडछाड केली’ हे उत्तर त्यांना आयतं मिळेल. कंपनीला ईमेल करून तुमच्या मॉडेल आणि सिरियल नंबरची फाइल लेखी सूचनांसह मागा. ती त्यांनीच पाठवली तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या मेकॅनिकलाही टीव्ही उघडू देऊ नका.

आता सीमेचं. दुकानदाराचं म्हणणं कायद्यात टिकत नाही, आणि हे मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. आपल्याकडची माणसं ‘इकडचे की तिकडचे’ ऐकून ऐकून इतकी दमलेली असतात की असं उत्तर मिळालं की गप्प बसतात. १९८६ च्या जुन्या कायद्यात ग्राहकाच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय नव्हती. विक्रेता किंवा कंपनी जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथेच जावं लागे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने ते बदललं. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार चालते. म्हणजे तुम्हाला बेळगावचं दारही उघडं आहे आणि कोल्हापूरचंही.

मी बेळगावात वकिली करतो, तरी तुमच्या बाबतीत कोल्हापूरच सुचवीन. निपाणीहून ते जवळ आहे, दुकान तिथेच आहे, आणि मराठी बिल, मराठी व्हॉट्सअॅप मेसेज यांच्या भाषांतराचा खटाटोप वाचेल. बेळगावला दाखल करायचं ठरवलंत तर मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडूनच द्या.

वॉरंटीबद्दल घाबरू नका. बिघाड वॉरंटीत झाला, पहिली तक्रारही वॉरंटीतच झाली. दुरुस्ती टिकली नाही म्हणून तारीख उलटली, हा तुमचा दोष नाही. ‘सॉफ्टवेअर वॉरंटीत नाही’ यावर माझा युक्तिवाद साधा आहे : तुम्हाला विकला तो स्मार्ट टीव्ही, फर्मवेअरसकट. ते तुम्ही वेगळं विकत घेतलेलं नाही, आणि बिघडवणारं अपडेटही कंपनीनेच पाठवलं. कायद्यातली ‘दोष’ची व्याख्या दर्जातल्या कुठल्याही उणिवेला लागू होते. निकालाची हमी मी देत नाही, पण बाजू भक्कम आहे. वॉरंटी कार्डावरच्या बारीक अटी मात्र एकदा वाचून काढा.

सगळं अवलंबून आहे ते कागदावर. ऑगस्टच्या भेटीची जॉबशीट, म्हणजे काय बिघडलं आणि काय केलं याची सर्व्हिस सेंटरची लेखी नोंद, मिळाली का? नसेल तर ईमेलने मागा. पुढच्या वेळी माणूस आला तर कन्नड किंवा इंग्रजी जॉबशीटवर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. एका ओळीत ‘फिजिकल डॅमेज’, म्हणजे मोडतोड, लिहिलेलं असतं आणि सही आपली असते. अडकलेल्या लोगोचा व्हिडिओ काढा आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. बोर्ड आत्ता पैसे देऊन बदलू नका. दोष तपासायची वेळ आली तर आयोग टीव्ही प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तेव्हा मूळ बोर्ड जागेवर हवा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी तिथेच नमते. नाही नमली तर कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर, तिघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस. त्यानंतर आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. ती ऑगस्टपासून मोजा. मागणी बेताची ठेवा : फुकट दुरुस्ती, नाहीतर बदली टीव्ही किंवा पैसे परत, आणि झालेल्या त्रासाची माफक भरपाई. एकतीस हजारांच्या टीव्हीसाठी पाच लाख मागितले तर खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं.

आणि बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर आजच दोन झेरॉक्स काढून घ्या. त्यावरची छपाई हळूहळू उडते, आणि खरेदीची तारीख त्यावरच आहे.