उबुंटू टाकल्यापासून लॅपटॉपच्या माइकचा आवाज मीटिंगमध्ये विहिरीतून आल्यासारखा का जातो?

तुम्ही लिहिलंय की शिवाजी पेठेतल्या घरातून स्कॉलरशिपचे ऑनलाइन क्लास घेता. विंडोज होतं तोवर तक्रार नव्हती. उबुंटू टाकलं आणि पोरं म्हणायला लागली, "मॅडम, विहिरीतून बोलताय." पण तेच रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं तर आवाज बरा येतो. दुकानदार म्हणतोय, माइकची पट्टी बदला.

थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. मीही इथेच राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे धंद्याच्या विरोधात बोलतोय असं समजा. विंडोजवर जो माइक नीट चालत होता, तो उबुंटू टाकल्याच्या दिवशीच नेमका मरत नाही.

कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढी दोन भोकं दिसतील. ते दोन वेगळे माइक: एक डावा, एक उजवा. काही लॅपटॉपमध्ये यातल्या एकाचा सिग्नल उलटा येतो, म्हणजे डावीकडे +५ असेल तेव्हा उजवीकडे −५. विंडोजमध्ये कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे माइक चालवणारं सॉफ्टवेअर, ते गुपचूप सुलटं करून घेतो, लिनक्समध्ये (उबुंटू त्याचाच एक प्रकार) ते प्रत्येक मॉडेलसाठी झालेलं नसतं. हेडफोनवर डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्यात, म्हणून बिघाड कळत नाही. फार तर आवाज समोरून न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटतो. मीटिंगमध्ये मात्र दोन्ही मिळून एकच आवाज पाठवला जातो, आणि +५ −५ ची बेरीज शून्य. अगदी शून्य होत नाही, कारण दोन माइकमध्ये थोडं अंतर असतं. आवाजाचा जाड भाग कटतो आणि 'स', 'श', 'च' असे तीक्ष्ण उच्चार तेवढे पोचतात. पोरांना ऐकू येणारी विहीर ती हीच.

खात्री करायची तर ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर) स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा, रेकॉर्डिंग करा, एक लांब "आऽऽ" म्हणा आणि लाट मोठी करून बघा. वरच्या पट्टीत जिथे उंचवटा आहे, तिथेच खालच्या पट्टीत खड्डा दिसला की चोर सापडला. मग ते मोनो करून, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र करून, ऐका, आवाज जवळजवळ गायब होईल.

उपाय फुकट आहे. सॉफ्टवेअर सेंटरमधून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' घ्या (नव्या उबुंटूत आवाज सांभाळायला आतमध्ये पल्सऑडिओऐवजी पाइपवायर असतं, तरी हे चालतं). 'इनपुट डिव्हाइसेस'मध्ये माइकसमोर कुलपाचं चिन्ह आहे. ते उघडलं की डावी-उजवी पट्टी वेगवेगळी हलते. उजवी शून्यावर आणा, डावी राहू द्या. एका माइकने क्लास घ्यायला काही अडत नाही. काही मॉडेलांत अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलमध्ये alsamixer टाइप केलं की उघडणारा आवाजाच्या सेटिंगचा पडदा) 'इन्व्हर्टेड इंटर्नल माइक' नावाचा वेगळा रकाना असतो. तो दिसला तर म्यूट करा, काम तिथेच होतं.

अल्सामिक्सरमध्येच 'माइक बूस्ट', म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी पट्टी, बघून घ्या. आवाज पोचत नाही म्हणून लोक तो ३० डेसिबलपर्यंत चढवतात. २० डेसिबल म्हणजेच सिग्नल दहापट, आणि तुमच्याबरोबर पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच दहापट. बूस्ट शून्यावर किंवा १० वर ठेवा आणि तुम्हीच लॅपटॉपच्या जवळ सरका. क्लासला ब्लूटूथ हेडफोन लावत असाल तर मीटिंग लॅपटॉपचा माइक सोडून हेडफोनचाच घेत नाही ना, तेही बघा. तसं असेल तर वरची सगळी खटपट वाया.

आणि भोकात टाचणी घालून साफ करायला जाऊ नका. आतला पडदा इतका नाजूक असतो की मग पट्टी खरोखरच बदलावी लागेल. वरून मऊ ब्रश फिरवा, कॅमेऱ्यावरचं स्टिकर भोकावर आलं असेल तर सरकवा, बस्स.

लाटा उलट्या दिसल्या नाहीत तर लॅपटॉपचं मॉडेल आणि उबुंटूची आवृत्ती इथे लिहा, मग ड्रायव्हरकडे बघू. तोवर सोमवारचा क्लास साध्या वायरच्या इअरफोनवर काढा. त्याला एकच माइक असतो, हा घोळच होत नाही.