लॅपटॉपला वायफायचं कार्ड दिसेनासं झालं तर

लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नकोस रे. आधी शिफ्ट दाबून धरून शटडाऊन कर, चार्जर काढ आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून ठेव. रुसलेलं कार्ड पुष्कळदा एवढ्यानेच ताळ्यावर येतं. नाहीच आलं तर, वॉरंटी संपली असेल तरच, मागचं झाकण खोल. आपल्याकडे गुहागर-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. बॅटरीची पिन सोडव, कार्ड खाचेतून काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूच पूस, वाळल्या की कार्ड खाचेत घट्ट बसव. कार्ड काढताना त्यावरच्या अँटेनाच्या वायरींच्या बारक्या टोप्या मात्र नखाने सरळ वर उचल, तिरक्या ओढल्यास की मोडल्याच! काही लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. तिथे गुपचूप वायफायचं यूएसबी डोंगल घे.