महाबळेश्वर-पोलादपूर रस्ता: अफझलखान याच वाटेने आला होता का?

थोडक्यात सांगायचं तर नाही. आज आपण ज्या आंबेनळी घाटातून गाडी नेतो तो शिवकालीन नाही. बरेच गाइड प्रतापगडाखालच्या वळणावर हात दाखवून "इथूनच खान आला" असं ठोकून देतात, तिकडे दुर्लक्ष करा.

1659 मध्ये खान वाईहून निघाला आणि रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या खोऱ्यात, पार गावापाशी उतरला. नकाशात बघितलं की उलगडा होतो. महाबळेश्वरहून कोकण एका दमात येत नाही. आधी कोयनेचं खोरं लागतं, मग पुन्हा एक धार ओलांडून खाली पोलादपूर-महाड. जुनी वाट पहिला उतार रडतोंडीने आणि दुसरा पारघाटाने उतरायची. माणूस, बैल, घोडा यांना खडी चढण चालते, म्हणून ती वाट सरळ होती. पार गावाजवळ कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. खरा जुना मार्ग बघायचा असेल तर गडाच्या पार्किंगमध्ये तासभर घालवण्यापेक्षा तिकडे जा.

1828-29 च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि मुंबईच्या साहेबलोकांची उन्हाळ्यात इकडे रीघ लागली. ही मंडळी बोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत यायची आणि पुढे महाड, पोलादपूर करत घाट चढायची. मेणा, तट्टू इथवर ठीक, पण चाकाच्या गाडीला ती चढण झेपेना. म्हणून नवी आखणी झाली: चढ कमी, वळणं जास्त. हाच आजचा आंबेनळी. गव्हर्नर फिट्झेराल्डच्या नावावरून इंग्रजी कागदांत याला फिट्झेराल्ड घाट म्हणतात. तो मुंबईचा गव्हर्नर होता 1867 ते 1872.

आता पूर्ण मार्ग: पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडायचा, मग घाट, वाडा-कुंभरोशी (प्रतापगडचा फाटा इथेच), महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि सुरूरला पुणे-सातारा रस्ता. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण 40 किलोमीटर. पाचगणीपर्यंतचा पट्टा गर्दीचा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वाई-सुरूर मात्र जुन्या वडांसाठी बघावा.

पावसाळ्यात जायचा विचार असेल तर स्पष्ट सांगतो: जुलै-ऑगस्टमध्ये आंबेनळीच्या भरवशावर बेत आखू नका. जुलै 2018 मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात कोसळली, एकच जण वाचला. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला, दरडी आल्या, रस्ताच तुटला. शेजारचा वरंध घाट (भोर-महाड रस्ता) हाही पावसात बऱ्याचदा बंद असतो, त्यामुळे "नाहीतर वरंधने जाऊ" हा हिशेब धरू नका. कोकणात उतरायचंच असेल तर ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट, आणि तेही निघायच्या दिवशी सकाळी चौकशी करून.