कागदी क्रौंच पक्षी शांततेचं प्रतीक कसा झाला?

जपानमध्ये क्रौंच हा दीर्घायुष्याचा पक्षी. हजार कागदी क्रौंच घडी घालून केले की इच्छा पूर्ण होते, ही तिथली जुनी समजूत. पण शांततेशी त्याचं नातं जुळलं ते सादाको सासाकीमुळे.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्या वेळी वाचली, चांगली धावायची. १९५५ च्या सुरुवातीला रक्ताचा कर्करोग निघाला आणि ती हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिथं ती क्रौंच करत बसायची. कागद मिळेना तेव्हा औषधांच्या पुड्यांचे कागदही वापरायची. हजार पूर्ण होण्याआधीच ती गेली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. तिच्या घरचे सांगतात की हजाराहून जास्त झाले होते. मला हे जास्त चटका लावतं. हजार झाले, तरी ती थांबली नाही, पुढचे करत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी, ती गेली.

नंतर तिच्या वर्गातल्या मुलांनी स्मारकासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. देशभरातल्या शाळा त्यात आल्या. १९५८ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात ते उभं राहिलं: वर डोक्यावर क्रौंच उचलून धरलेली मुलगी. आजही तिथं जगभरातून क्रौंचांच्या माळा येतात.

तुम्हाला करायचा असेल तर चौरस, पातळ कागद घ्या. जाड कागदावर मानेची घडी नीट बसत नाही.