माळ्यावर सापडलेला बाण-खुणेचा जेरीकॅन: कुठला, कशासाठी?

तुम्ही विचारलंय की आजोळच्या माळ्यावर तीन मुठींचा लोखंडी कॅन सापडलाय, अंगावर इंग्रजी डब्ल्यू आणि डी, मधे बाण, खाली १९४४. भंगारवाला त्याला 'जर्मन' म्हणतो. तो खरंच जर्मन आहे का, आणि पेट्रोलचा की पाण्याचा?

घडण जर्मन, कॅन ब्रिटिश. कोंबडीच्या पावलासारखा दिसणारा तो बाण ब्रिटिश सरकारी मालाची जुनी खूण आहे, आणि दोन्ही अक्षरं म्हणजे 'वॉर डिपार्टमेंट', म्हणजे युद्धखातं. कॅनडाच्या मालावर हाच बाण सी अक्षराच्या पोटात असतो, भारतातल्या सरकारी मालावर बाणाखाली आय. म्हणून बाणाच्या आजूबाजूला आणखी एखादं अक्षर रंगाखाली दबलेलं नाही ना, ते आधी पाहा.

आता ब्रिटिश कॅनची घडण जर्मन कशी? हा २० लिटरचा कॅन १९३७ साली जर्मनीतल्या श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत विन्झेन्झ ग्रुनफोगल या अभियंत्याने आखला. तीन मुठी अशासाठी की भरलेला कॅन दोघांना मिळून नेता यावा, आणि रिकामे असले तर एका माणसाला एकेका हातात दोन-दोन धरता यावेत. मुठींमागच्या फुगीर भागात हवा राहते, त्यामुळे उन्हात पेट्रोल फुगलं तरी जागा असते आणि भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळायचे. जर्मनांकडून हाती लागलेले कॅन पाहिल्यावर त्यांनी हुबेहूब तसेच बनवायला घेतले. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, तेच नाव कॅनला चिकटलं.

यात भारताचाही एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. १९३९ साली पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्यासोबत बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. पाण्यासाठी त्या सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून तीन कॅन आणले होते. जर्मनाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावून घेतलं, प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला आणि गाडी तिथे ठेवून मायदेशी गेला. पुढे ती गाडी कॅनसकट अमेरिकेला मागवून घेतली, तेव्हा अमेरिकी लष्कराने हा नमुना पाहिला.

खऱ्या जर्मन कॅनवर 'क्राफ्टश्टोफ २० एल' (इंधन) आणि 'फॉयरगेफेअरलिश' (ज्वालाग्राही) हे जर्मन शब्द, वर्ष आणि कारखान्याचं नाव पत्र्यातच दाबलेलं असतं. अमेरिकन कॅनवर 'यूएसए' किंवा 'क्यूएमसी' (लष्कराचा पुरवठा विभाग) दिसतं आणि तळाशी २०-५-४३ असे आकडे. अनेकजण ती तारीख समजतात. खरं तर तो २० गेजचा पत्रा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप), ५ अमेरिकी गॅलन आणि १९४३ साल.

पेट्रोल की पाणी हे झाकण बरंच सांगतं. अमेरिकन पेट्रोलच्या कॅनला मळसूत्री झाकण, पाण्याच्या कॅनला रुंद तोंड आणि बिजागरीचं झाकण. जर्मन पाण्याच्या कॅनवर मोठा पांढरा क्रॉस रंगवत. तुमच्या कॅनवर 'वॉटर' हा शब्द दाबलेला नसेल आणि तोंड अरुंद असेल, तर तो पेट्रोलचाच धरा. कितीही धुतला तरी त्यात पिण्याचं पाणी भरू नका, जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. ऐंशी वर्षांत कितीजणांनी ब्रश फिरवला असेल! बाजारात साध्या कॅनवर जर्मन लष्कराची चिन्हं रंगवून चढ्या भावाने विकतात, म्हणून मी फक्त पत्र्याबरोबर दाबली गेलेली अक्षरं मानतो. ती वाचायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, अगदी पत्र्याला टेकवून धरा, उठाव लगेच दिसतो. त्यानेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. तळ विसरू नका, कारखान्याची अक्षरं पुष्कळदा तिथेच सापडतात.

आणि एक कळकळीची विनंती: ग्राइंडर किंवा वायरब्रश लावू नका. आत वाफ उरली असेल तर ठिणगी जिवावर बेतेल. शिवाय त्या रंगाच्या थरांतच कदाचित एखाद्या पलटणीचा नंबर असेल आणि तो एकदा खरवडला की गेला. झाकण उघडून कॅन आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तळाचा फोटो इथे टाका. कारखान्याची अक्षरं दिसली तर मी जरूर शोधून सांगेन.